दोन डॉलरची मांजर

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया प्रांत आहे. त्याच्या पश्चिम टोकाला डिग्बी हे मासेमारीचं गाव आणि गावाबाहेर मार्शलटाउन ही विरळ वस्ती. तिथून जाणाऱ्या हायवे नंबर एकच्या कडेला साडेतेरा फूट बाय साडेबारा फूट आकाराचं एक लाकडी घर होतं. खाली एक खोली, वर झोपण्यापुरता माळा. वीज नाही, नळ नाही. ऊब आणि स्वयंपाक दोन्हींसाठी एकच लाकडाची चूल. मॉड लुईस १९३८ साली लग्न होऊन या घरात आली आणि १९७० साली तिचा मृत्यू होईपर्यंत तेच तिचं घर राहिलं. खिडकीजवळच्या कोपऱ्यात तिची खुर्ची, पुढ्यात छोटंसं टेबल, त्यावर रंगाच्या ट्यूबा आणि सार्डिन माशांचा रिकामा पत्र्याचा डबा. कॅनडाच्या सर्वांत लाडक्या लोकचित्रकर्तीचा स्टुडिओ तो एवढाच.

त्या कोपऱ्यात बसून तिने दोन कामं केली. एक विकायचं: काळी-पांढरी मांजरं, बैलजोड्या, बर्फातल्या घसरगाड्या, बंदरातल्या होड्या. दुसरं राहत्या घराचं: दार, भिंती, जिना, चूल, पावाचा डबा, केराची सुपली, अगदी खिडकीची काचसुद्धा. हात पोहोचेल तिथं तिने फुलं, पाखरं, फुलपाखरं काढली. पहिल्या कामाला धंदा आणि दुसऱ्याला हौस म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मॉडच्या आयुष्यात ही दोन्ही कामं एकमेकांत इतकी गुंतलेली होती, की एक बाजूला काढलं तर दुसऱ्याचाही अर्थ लागत नाही.

मॉड माहेरची डाउली. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, यार्मथजवळच्या साउथ ओहायो या खेड्यात तिचा जन्म झाला. वडील लोहारकाम करत आणि घोड्या-बैलांचा साज बनवत. घर खाऊनपिऊन सुखी होतं. लहानपणीच मॉडला सांध्यांचा आजार जडला. संधिवात म्हटलं की आपल्यासमोर म्हातारी माणसं येतात. हा लहान मुलांना होणारा संधिवात होता. खांदे उतरले, हनुवटी छातीकडे ओढली गेली, बोटं वाकडी होत गेली. शाळेतल्या मुलांनी चिडवायला तेवढं कारण पुरेसं होतं. शाळा लवकर सुटली आणि ती आईजवळ घरात राहू लागली. आईने तिला पियानो शिकवला, जलरंग शिकवले आणि नाताळची भेटकार्डं रंगवायला बसवलं. मायलेकी ती कार्डं आसपास विकायच्या. चित्र आणि विक्री या दोन गोष्टी मॉडच्या हाताला एकदमच लागल्या. पुढे तिला कोणी कलावंत म्हणू लागलं तेव्हाही तिच्या बोलण्यात त्याचा डौल कधी आला नाही. तिच्या लेखी हे पहिल्यापासून काम होतं.

वडील १९३५ मध्ये गेले, आई १९३७ मध्ये. घर भावाकडे गेलं, मॉड डिग्बीत मावशीकडे आली. त्याआधी लग्नाविना तिला एक मुलगी झाली होती आणि ती दत्तक दिली गेली होती. त्या काळी त्या समाजात अशा बाईपुढे वाटा फार उरत नसत. त्याच सुमारास मार्शलटाउनच्या एव्हरेट लुईस नावाच्या मासेविक्याने दुकानांतून चिठ्ठी लावली, की चाळिशीतल्या ब्रह्मचाऱ्याला घर सांभाळायला बाई हवी. मॉड त्याच्या दारात गेली. काही आठवड्यांतच, १६ जानेवारी १९३८ रोजी, दोघांचं लग्न झालं.

घर सांभाळायला बाई हवी होती खरी, पण मॉडच्या हातांना घरकाम झेपेना. मग स्वयंपाक आणि झाडलोट एव्हरेटकडे आली, आणि मॉड त्याच्याबरोबर मासे विकायला जाऊ लागली. तो दारोदार मासे विकी, ती त्याच घरी आपली भेटकार्डं दाखवी. मासे घेणाऱ्या बाईला पाच सेंटांचं एक कार्डही घ्यावंसं वाटे. कार्डं खपतात हे पाहून एव्हरेटने तिला तेलरंग आणून दिले आणि मोठी चित्रं काढ म्हणून मागे लागला. १९३९ मध्ये त्याला घराशेजारच्याच गरीबगृहात रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. माशांची फेरी थांबली. त्यानंतर गिऱ्हाइकाकडे जाण्याचा प्रश्न उरला नाही. गिऱ्हाइकाला दारात आणायचं होतं.

घर रंगवण्याचा विचार इथे करायला हवा. खोली अंधारी, हिवाळा लांबलचक, चुलीच्या धुराने भिंती काळवंडलेल्या. त्या खोलीत दिवसभर बसणाऱ्या बाईने भिंतीवर फुलं काढली, हे समजण्यासारखं आहे. आपल्याकडे कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढणाऱ्या वारली बायकांना त्याचं कारण विचारावं लागत नाही. पण बाहेरच्या दारावरची पाखरं रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसत होती. नोव्हा स्कोशियात उन्हाळी प्रवासी वाढले होते. गाड्या हायवेवरून जाताना हे रंगीबेरंगी खेळण्याएवढं घर दिसे, आणि बाहेर ‘चित्रं विकणे आहे’ अशी तिच्याच हातची पाटी. १९४५ ते १९५० या काळात गाड्या थांबायला लागल्या. सजवलेलं घर हीच दुकानाची पाटी झाली, आणि आत पाऊल टाकलं की चित्रं तयार. किंमत दोन-तीन डॉलर. पुढच्या काळातही ती सात ते दहा डॉलरपर्यंतच चढली.

काम करण्याची तिची पद्धत साधी आणि पक्की होती. कॅनव्हास तिला परवडणारा नव्हता. सुरुवातीला पुठ्ठा, जाड कागद, भिंतीला लावायचा बोर्ड, बिस्किटं भाजायचे पत्रे, जे मिळेल त्यावर ती रंगवी. नंतर लाकडाचा लगदा दाबून केलेला मेसोनाइट बोर्ड आला. बोर्डाला आधी पांढऱ्या रंगाचं अस्तर द्यायचं, ते वाळलं की बाह्यरेषा काढून घ्यायची आणि ट्यूबमधला रंग न मिसळता तसाच भरायचा. म्हणून तिचा लाल रंग लालच असतो आणि निळा निळाच. सावली जवळपास नाही. बोर्ड लहान, कारण दुखऱ्या खांद्याने आणि वाकड्या मनगटाने हात जेवढा फिरेल तेवढंच चित्र. आठ बाय दहा किंवा नऊ बाय बारा इंच हा आकार तिच्या शरीराने ठरवून दिला होता.

आता तिच्या मांजरांकडे यावं, कारण गिऱ्हाइकं मांजरांसाठी परत परत येत. ‘तीन काळी मांजरं’ हे त्यांतलं सर्वांत ओळखीचं चित्र. मधोमध मोठी मांजर, दोन बाजूंना दोन पिल्लं, भोवती फुलं. अंग सपाट काळं. केस, घडी, उजेड-अंधार काही दाखवलेलं नाही. सगळा जीव डोळ्यांत. टपोरे डोळे थेट आपल्याकडे लावलेले, त्यांत बाहुल्या अशा ठेवलेल्या की खोलीत कुठेही उभं राहा, ती बघत असल्यासारखी वाटतात. काळ्या जनावराचं चित्र काढणं किती अवघड असतं हे ज्याने प्रयत्न केला त्याला माहीत आहे. काळ्यावर काळं चढवलं की नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो तेच कळत नाही. मॉडने तो प्रश्न बाजूला ठेवला. बाह्यरेषा इतकी ठाम काढली की आतल्या तपशिलाची गरजच उरली नाही. कान, पाठीची कमान, शेपटीचा वळसा. मांजर दुरून जशी ओळखू येते तशी.

पाळीव प्राण्याची तसबीर म्हटली की कलेच्या इतिहासात एडविन लँडसियर हा चित्रकार आठवतो. राणी व्हिक्टोरियाच्या लाडक्या प्राण्यांचं त्याचं चित्र १८३८ चं, प्रिन्स अल्बर्टच्या ईऑस नावाच्या ग्रेहाउंड कुत्रीचं १८४१ चं. त्यात प्रत्येक केस जागच्या जागी, कातडीची चमक सुद्धा. तिकडे डेव्हिड हॉकनी या चित्रकाराने १९९५ च्या सुमारास आपल्या स्टॅन्ली आणि बूजी या दोन डॅक्सहुंड कुत्र्यांची चित्रं काढली. कुत्रे बसून राहत नाहीत, म्हणून त्याने लॉस एंजेलिसच्या घरात ठिकठिकाणी ठेंगणे ईझल मांडले आणि रंग तयार ठेवले. झोपले की काढायचं, उठले की थांबायचं. या दोघांनी विशिष्ट प्राणी रंगवला, नाव असलेला. मॉडच्या मांजरीला विकताना नाव नसे. एक मांजर गेली की तशीच दुसरी तयार होई. म्हणून घेणारा आपल्या घरच्या मांजरीचं नाव तिला देऊ शकत होता. या चित्रांची माया मला तिथे दिसते. ती कुणा एकाच्या मांजरीची तसबीर नाही, त्यामुळे ती कुणाच्याही मांजरीची होते.

त्याच त्या चित्रांबद्दल तिला कमी लेखणारेही आहेत. तिने स्वतः १९६५ मध्ये टीव्हीवर शांतपणे सांगितलं होतं, की मी तेच तेच घालते, रंगही तेच आणि नक्षीही तीच. यात लपवण्यासारखं तिला काही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. कुंभाराला कुणी विचारत नाही की काल केला तसाच माठ आज का केलास. हात दुखत असताना नवी रचना शोधणं म्हणजे जास्त हालचाल, जास्त खाडाखोड, जास्त रंग. पाठ असलेली मांजर दुखऱ्या हातालाही काढता येते. पण दोन मांजरी शेजारी ठेवून पाहिल्या तर त्या शिक्का मारलेल्या नाहीत हे लगेच कळतं. एकीची मान जरा कललेली, एकीभोवती फुलं दाट, एकीची नजर थोडी रागीट. पाठांतरात एवढा फरक जपणारा हात नुसता यंत्रासारखा चाललेला नसतो.

बैलांचंही तसंच. नोव्हा स्कोशियाच्या दक्षिण किनाऱ्याकडे शेतात आणि जंगलात बैल जुंपायची जुनी पद्धत आहे. तिथे जू खांद्यावर न ठेवता शिंगांना बांधतात आणि कपाळावर पितळी ठोकळ्यांचा, घुंगरांचा साज चढवतात. पोळ्याला शिंगं रंगवून झूल घातलेली जोडी पाहिलेल्या मराठी वाचकाला मॉडचे बैल परके वाटणार नाहीत. तिने त्यांना लांब लांब पापण्या दिल्या आहेत, लग्नातल्या करवलीला शोभतील अशा. साजाचा मात्र एकेक पट्टा, एकेक घंटा नीट. वडिलांच्या कामाच्या जागी लहानपणी पाहिलेला साज तिथे आलेला असावा. मार्शलटाउनच्या घरातून ती फारशी बाहेर पडली नाही. बोर्डावर जे उतरलं ते बहुतांशी यार्मथच्या बाजूचं, आठवणीतलं. बर्फातल्या दृश्यात झाडांना लाल-पिवळी पानं असतात. ऋतूंचा हिशेब चुकला आहे असं म्हणणाऱ्याने तिथला हिवाळा किती महिने चालतो ते पाहावं.

दुसऱ्यांच्या घरासाठीही तिने काम केलं आहे, आणि ते मला तिच्या लहान चित्रांइतकंच महत्त्वाचं वाटतं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला उन्हाळ्यात राहायला येणाऱ्या एका अमेरिकन दांपत्याने आपल्या घराच्या खिडक्यांच्या बाहेरच्या झडपा तिच्याकडून रंगवून घेतल्या. एकूण २२ झडपा, प्रत्येकीचे ७० सेंट. तिच्या हातून झालेलं हे सर्वांत मोठ्या आकाराचं काम. ज्या हातांना नऊ इंचांचा बोर्ड सोयीचा होता त्यांनी माणसाच्या उंचीच्या जवळपास जाणारी फळी रंगवताना ती किती वेळा फिरवली असेल, किती वेळा थांबावं लागलं असेल! मजुरी म्हणून एका फळीला ७० सेंट तेव्हाही फार नव्हते.

मग १९६४ मध्ये टोरंटोच्या ‘स्टार वीकली’ या साप्ताहिकाने तिच्यावर लेख छापला आणि १९६५ मध्ये सीबीसी वाहिनीच्या ‘टेलिस्कोप’ या कार्यक्रमाने तिला देशभर दाखवलं. पत्रांचा ओघ सुरू झाला. पाकिटात पैसे आणि चिठ्ठी: एक मांजर पाठवा, एक बैलजोडी पाठवा. निक्सन अध्यक्ष असताना व्हाइट हाउसकडूनही दोन चित्रांची मागणी आली. ऑन्टॅरिओतल्या लंडन शहरात राहणारे चित्रकार जॉन किनिअर यांनी तिच्याबद्दल वाचलं आणि तिला चांगले रंग आणि तयार अस्तर दिलेले बोर्ड पाठवायला सुरुवात केली; तिची चित्रं तिकडे विकून तिला पैसेही पाठवले. तिला मिळालेली सर्वांत उपयोगाची मदत ही असावी, कारण ती कामाच्या साहित्याची होती. अस्तर देण्याची मेहनत वाचली म्हणजे त्या बोटांना थोडा आराम मिळाला.

पण मागणी वाढली तेव्हा हात अगदीच थकले होते. आलेल्या सगळ्या मागण्या पुऱ्या करणं तिला जमेना. हिवाळ्यात दार-खिडक्या बंद, आत लाकडाचा धूर, टर्पेंटाइनचा वास, सिगारेटचाही धूर. फुप्फुसं बिघडली. घर आणि इस्पितळ अशा फेऱ्या होत राहिल्या आणि ३० जुलै १९७० रोजी डिग्बीत न्यूमोनियाने ती गेली.

एव्हरेटबद्दल दोन प्रकारची माणसं दोन प्रकारे बोलतात. त्याने रंग आणून दिले, घरकाम केलं, विक्री सांभाळली, हे खरं. लान्स वुलेव्हर यांनी तिच्यावर आधी एक उजळ पुस्तक लिहिलं आणि २०१६ मध्ये ‘द हार्ट ऑन द डोअर’ हे दुसरं. त्यात एव्हरेटचा कंजूसपणा आणि घरातला जाच यांचं चित्र बरंच कठोर आहे. त्याच वर्षी ‘मॉडी’ हा चित्रपट आला आणि त्याने पुन्हा प्रेमकथेकडे झुकतं माप दिलं. पडद्यावर सॅली हॉकिन्सने तिचं चालणं, मान, ब्रश धरणं मन लावून उभं केलं आहे. तरी चित्रपटातलं घर खऱ्यापेक्षा मोठं आहे. त्या खोलीची खरी अडचण अंगावर येते ती खरं घर पाहिल्यावर. पैसा जमला तरी त्या घरात वीज आली नाही, पाणी आलं नाही; हे सत्य कुठल्याही गोष्टीने पुसता येत नाही. एव्हरेट १९७९ मध्ये घरात चोरीसाठी घुसलेल्याच्या हातून मारला गेला.

मागे राहिलेलं घर कुजायला लागलं. डिग्बीच्या आसपासच्या लोकांनी ते वाचवायला संस्था उभी केली, पैसे गोळा केले आणि १९८४ मध्ये ते प्रांत सरकारने घेऊन हॅलिफॅक्सच्या आर्ट गॅलरी ऑफ नोव्हा स्कोशियाकडे सोपवलं. जतनाचं काम मात्र बारा वर्षं रखडलं. १९९६ मध्ये ते सुरू झालं, तेही हॅलिफॅक्सजवळच्या बेडफर्डमधल्या एका मॉलमध्ये, खरेदीला आलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत. संग्रहालयाच्या तज्ज्ञांना साधारण एका कॅनव्हासवर काम करायची सवय. इथे चित्र लाकडावर, पत्र्यावर, काचेवर, भिंतीच्या कागदावर, तापणाऱ्या चुलीवर. प्रत्येक पृष्ठभागाचा आजार वेगळा आणि उपायही वेगळा. सगळं घर १९९८ पासून गॅलरीत उभं आहे. मूळ जागेवर वास्तुकार ब्रायन मॅके-लायन्स यांनी त्याच आकाराची पोलादी चौकट उभी केली आहे, मोकळी.

चित्रांच्या किमती मात्र चढतच गेल्या. तिचं ‘अ फॅमिली आउटिंग’ २००९ मध्ये २२,२०० डॉलरला गेलं. जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडलेलं लॉब्स्टर पकडणाऱ्या दोघांचं चित्र २०१७ मध्ये ४५,००० ला. आणि २०२२ च्या मे महिन्यात ‘ब्लॅक ट्रक’ या छोट्या चित्राला ३,५०,००० डॉलर मिळाले. अंदाज त्याच्या दहाव्या हिश्श्याचा होता. किनिअर आपल्या नेहमीच्या उपाहारगृहात जेवणाच्या बदल्यात चित्रं देत, त्यांत हे मॉडचं चित्र गेलं होतं, चीज सँडविचच्या मोबदल्यात. मॉडने किनिअर यांना लिहिलेली पत्रंही त्याच लिलावात विकली गेली. त्या चित्राचे मॉडला स्वतःला हाती आले असतील ते फार तर काही डॉलर.

चित्रकाराचं काम पुन्हा विकलं गेलं की त्यातला वाटा त्याला मिळावा, हा कायदा फ्रान्सने १९२० मध्येच केला. कॅनडात या लिलावाच्या वेळीही तशी तरतूद नव्हती. तिथली कलावंतांची संघटना कारफॅक पाच टक्के वाट्यासाठी भांडत होती. भारताच्या कॉपीराइट कायद्यात मात्र १९९४ च्या दुरुस्तीने ५३ अ हे कलम आलेलं आहे. मूळ चित्राची फेरविक्री दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला झाली तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. घरी बसून कुणाच्या कुत्र्या-मांजरीची चित्रं काढणाऱ्या, भिंती रंगवून देणाऱ्या आपल्याकडच्या चित्रकारांनी विक्रीची पावती, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव जपून ठेवावं ते यासाठी.